न पाहिलेले हात

बाळांनो, गोष्ट सुरू करायच्या आधी एवढं करा. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारा आणि आतल्या बाजूची मऊ कातडी बघा. आता अशी कल्पना करा, की तिथं कुणीतरी अगदी बारीक सुई टोचली आहे. दुखलं म्हणाल तर मुंगी चावल्याइतकंच. आणि टोचणारी बाई तुम्हाला सांगते आहे, "झालं. आता खाजवायचं नाही, चोळायचं नाही, आणि सोमवारी सकाळी हाच हात मला परत दाखवायचा. विसरलात तर टोचलेलं फुकट."

ही बाई म्हणजे भिंगरीची आई. भिंगरी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. एका जागी बसणं तिला जमत नसे म्हणून पडलेलं. वय वर्षं दहा. आई विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नर्स होती आणि केंद्राच्या मागे दोन खोल्या त्यांना राहायला मिळाल्या होत्या. घरात दोघीच.

आरोग्य केंद्र म्हणजे एक लांबलचक खोली. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं, आणि दाराशी स्टूल टाकून बसलेले शिपाईकाका. इथं आजारी माणसं थोडीच येत. इथं यायची ती नव्यानं विद्यापीठात आलेली, धडधाकट, खिदळणारी मुलंमुली. त्यांचं वजन करायचं, रक्त तपासायचं, डोळे बघायचे आणि आजार यायच्या आधीच त्याची वाट अडवायची, हे आईचं काम. शिपाईकाकांना ते कधी पटलं नाही.

"आजार नसताना दवाखाना," ते म्हणायचे, "म्हणजे भूक नसताना पंगत. आणि ही सुई तर काय, हात दाखवून अवलक्षण."

"अवलक्षण आधी कळलं तर घालवता येतं, काका," आई म्हणायची. "न दाखवता राहिलं तर ते आपल्याला घालवतं."

त्या सुईचं काम मी तुम्हाला नीट समजावून सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्षयाचे जंतू माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतात. माणूस हसतो, खेळतो, त्याला पत्ताही नसतो. शुक्रवारी सुई टोचली, की सोमवारपर्यंत त्या जागी काय होतं ते बघायचं. काहीच झालं नाही तर बरं. टणक गाठ आली, तर या अंगाची त्या जंतूंशी गाठभेट झालेली असू शकते. मग छातीचा फोटो काढायचा, काही महिने गोळ्या घ्यायच्या, म्हणजे आजार उठायच्या आतच खाली बसतो. पण गाठ लांबून बघून चालत नाही. लाली फसवी असते. बोटानं चाचपून टणकपणाच्या दोन्ही कडा शोधायच्या, तिथं पेननं खुणा करायच्या आणि पट्टी लावून मधलं अंतर लिहायचं. चार-पाच दिवस गेले की गाठ बसते, आणि मग देवालाही मोजता येत नाही.

आता दुसरी मुलगी. तीही त्याच वर्षी विद्यापीठात आली होती, गणित शिकायला. गाव लांब, वडील नाहीत, मामानं शिकवलेली. वसतिगृहात राहायची आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी भिंगरीला गणित शिकवायला यायची. शिकवून झालं की तिघी मिळून जेवायच्या. वर्गातली मुलं तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवत. भिंगरी ताई म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात ताईनं भिंगरीची वही हातात घेतली आणि विचारलं, "या पाच गणितांची उत्तरं शून्य कशी गं आली?"

"आली नाहीत. मी सोडवलीच नाहीत."

"मग शून्य का लिहिलंस?"

"जागा रिकामी दिसली की बाई रागावतात."

ताई एवढी हसली, की तिला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, "हे बघ, ठकसेन. खोलीत किती मांजरं आहेत ते आत जाऊन बघितलं आणि एकही नव्हतं, तर लिही शून्य. आत गेलीच नाहीस, तर जागा रिकामी सोड. रिकामी जागा निदान खरं बोलते."

आई तेव्हा चुलीपाशी होती. तिनंही ऐकलं आणि तीही हसली.

त्या शुक्रवारी अकराशे मुलांना सुया टोचल्या. ताईलाही. परीक्षा होती म्हणून त्या आणि पुढच्या आठवड्यात शिकवणी बंद होती, पण रविवारी सकाळी भिंगरी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात गेली, तर ताई दोरीवर कपडे वाळत घालत होती. हात वर केला तशी बाही घसरली. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी लालभडक गाठ.

"ताई, तुला गाठ आली."

"डास चावला असेल."

"डासाची एवढी नसते. बघू?" भिंगरीनं आईसारखं बोट फिरवलं. खालून टणक लागलं. "आईला दाखव. आत्ता चल."

"आत्ता नको गं, डोक्यात नुसती सूत्रं नाचतायत. उद्या दहाला तोंडी परीक्षा आहे. आधी आटोपली तर जाईन, नाहीतर तुमचं केंद्र एकला कुलूप लावून बसतं. आणि तू आईला सांगू नकोस हं. त्या इथं येऊन माझा कान धरतील. मीच जाते."

भिंगरीनं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? ताईनं नको म्हटलं म्हणून. आणि सांगायचं तर घरी जावं लागलं असतं आणि अंगणात लंगडीचा डाव नुकता मांडला होता. मोठी माणसं बघून घेतील, असं तिला वाटलं. दहा वर्षांच्या मुलीला तसंच वाटायला हवं.

सोमवारी तोंडी परीक्षा दीडपर्यंत चालली. मंगळवारी ताई दुपारी धावत आली, तर केंद्राला कुलूप, मागच्या खोल्यांनाही कुलूप आणि शिपाईकाका डबा धूत बसलेले.

"उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी वर्ग आहे काका. हजेरी गेली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"मग वर्गात बसा की. ठणठणीत दिसताय."

ती वर्गात जाऊन बसली. तिच्यासारखीच आणखी बरीच जणं वर्गात जाऊन बसली होती. गाठी बघायची वेळ नऊ ते एक, आणि वर्गही नऊ ते एक. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी केंद्राला विचारलं नव्हतं आणि केंद्रानं वेळापत्रक बघितलं नव्हतं. अकराशेंपैकी दोनशे सत्तर जण हात दाखवायला आलेच नाहीत.

बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी आईला बोलावलं. केंद्राचे प्रमुख तेच.

"सिस्टर, अहवाल उद्या जायचा आहे आणि दोनशे सत्तर जागा रिकाम्या? कॉम्प्युटर रिकामा चौकोन घेत नाही."

"पूर्वी आपण आडवी रेघ मारायचो, सर. आले नाहीत म्हणून."

"रेघही घेत नाही. आकडाच लागतो."

"मग या मुलांना परत बोलावू. परत टोचू."

"कधी? सत्र संपल्यावर?" डॉक्टर काही दुष्ट माणूस नव्हता. थकलेला होता, आणि वरून त्याला विचारणारे त्याच्याहून मोठे होते. "अहो, ही सगळी तरणीताठी पोरं. कुणाला काय होतंय? शून्य भरा आणि मोकळ्या व्हा. शंभर टक्के तपासणी झाली तर यंदाची बक्षिसाची ढाल आपल्याकडे येईल. झाली नाही तर एवढं केंद्र हवंच कशाला, असं विचारायला लोक टपलेलेच आहेत."

शेवटचं वाक्य आईच्या वर्मी बसलं. केंद्र गेलं, की मागच्या दोन खोल्याही गेल्या.

संध्याकाळी ती कागदांचा गठ्ठा घरी घेऊन आली. प्रत्येक कागदाला डावीकडे नावं, मग वजन, उंची, नजर, रक्त, आणि उजवीकडे शेवटी सुईच्या गाठीचा रकाना. तिनं पेन उघडलं आणि बंद केलं. मग तिनं काय केलं ते भिंगरीनं पलीकडच्या खुर्चीवरून पाहिलं. कागद उभा घेऊन तिनं डावी बाजू मागं दुमडली, सगळी नावं खाली दडतील अशी. वर उरला नुसता आकड्यांचा रकाना. त्यात जिथं जिथं रिकामं, तिथं तिथं शून्य, शून्य, शून्य. हात सरसर चालू लागला.

"आई, नावं का दुमडलीस?"

"पटकन होतं."

"ही मुलं आली होती का?"

"जेवण गार होतंय तुझं."

नावं वाचली असती तर हात एका नावाशी तरी नक्की थांबला असता. ताईच्या. सोमवारी गाठी बघायला दोन टेबलं होती, आईचं आणि बाहेरून आलेल्या शिकाऊ डॉक्टरांचं. ताई त्या टेबलाशी गेली असेल, अशी आईची समजूत होती. तिनं मुद्दाम काहीही केलं नाही, एवढंच केलं, की बघायचं नाही असं ठरवलं.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना कार्डं मिळाली. ताई ते कार्ड घेऊन शिकवणीला आली. आई अजून केंद्रातच होती.

"बघ गं ठकसेन. क्षयचाचणी, शून्य मिलिमीटर, सामान्य. गणित न सोडवता माझं उत्तर बरोबर आलं."

भिंगरी हसली. ताईही हसली. आईला लाज वाटेल म्हणून ताईनं तो विषय घरात पुन्हा काढला नाही. ज्या घरात जेवतो तिथं काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे मामाकडे वाढलेल्या मुलीला शिकवावं लागत नाही. शिवाय गाठ बसली होती. कार्डावर शिक्का होता. शिक्क्यावर विश्वास ठेवायला बरं वाटतं.

दोन-अडीच महिन्यांनी तिला खोकला लागला. ती केंद्रात गेली. डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट केलं.

"क्षयाची शंका नको, चाचणी स्वच्छ आहे. हवा बदलली की होतं." पातळ औषधाची बाटली मिळाली. तीन आठवड्यांनी दुसरी. त्यानंतर तिसरी.

"डॉक्टर," तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ती सुईची गाठ मी दाखवायला..."

"मी कार्डच बघतोय ना," डॉक्टर म्हणाले. बाहेर रांग होती.

आईनंही तेच म्हटलं. "खडूची धूळ असेल, बाळ. तुझं कार्ड तर निर्मळ आहे. जेवत नाहीस नीट, म्हणून सुकलीस." आणि ती ताईच्या ताटात जास्तीचं वाढायची. ताईला ते जायचं नाही.

एका गुरुवारी अपूर्णांक चालले होते. ताईला ढास लागली. तिनं तोंडावर रुमाल धरला, बघितला, आणि घडी करून मुठीत ठेवला. पण भिंगरीनं लाल बघितलं होतं.

"आई," तिनं हाक मारली. "ताईला रक्त पडलं."

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला आणि उजवीकडची ढगासारखी जागा दाखवत विचारलं, "किती महिन्यांपासून खोकतेय ही? विद्यापीठात तपासणी करत नाहीत का?"

"करतात," ताई म्हणाली. "माझं कार्ड आहे."

तिनं ते खरंच पिशवीतून काढून दिलं. बाईंनी ते वाचलं आणि आईकडे, तिच्या पांढऱ्या गणवेशाकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईला ठेवून घेतलं. ती बरी होईल म्हणाले, पण उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग पूर्वीसारखा होणार नाही. तिचं शिक्षणाचं वर्ष वाया गेलं. मामा येऊन तिची पेटी घेऊन गेला. जाताना केंद्राच्या दारात थांबून एवढंच म्हणाला, "आम्ही अडाणी माणसं. तुम्ही तपासता म्हणून निर्धास्त होतो." शिपाईकाकांनी त्याच्यासाठी स्टूल सोडलं, पण तो बसला नाही.

त्या संध्याकाळी आईनं केंद्रातून जुन्या कागदांचा गठ्ठा आणला आणि दुमडलेली बाजू उलगडली. नाव सापडलं. त्या ओळीच्या शेवटी तिचंच शून्य होतं, गोल, देखणं. तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

"ती दुसऱ्या टेबलाशी गेली असेल असं मला वाटलं," ती म्हणाली.

"ती आलीच नव्हती," भिंगरी म्हणाली. "मला माहीत होतं. मी गाठ बघितली होती, रविवारी. एवढी होती. मी सांगितलं नाही तुला."

आईनं तिच्याकडे बघितलं. हात उगारेल असं भिंगरीला वाटलं आणि तसं झालं असतं तर दोघींना सोपं गेलं असतं. आईनं हात टेबलावरच ठेवला.

"तू सांगितलं असतंस तरी," ती म्हणाली, "रकाना मीच भरलाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी केंद्राच्या बाकावर बसली होती. डॉक्टरांच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"सर, ते दोनशे सत्तर," आईचा आवाज आला. "त्यांना बोलवायला हवं. तिच्याच वर्गात, तिच्याच खोल्यांत राहणारी मुलं आहेत."

"कुठले दोनशे सत्तर?"

"ज्यांचे हात आपण पाहिले नाहीत ते."

"दाखवा ना मला. यादीत दाखवा." कागद फडफडले. "हे शून्य खरं की खोटं? आणि हे? मला ओळखू येत नाही, सिस्टर. तुम्हाला येतं?"

आईनं कागद परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मग बोलवायचं तर सगळ्या शून्यांना बोलवावं लागेल. हजारभर मुलं. त्यांना काय सांगायचं? आणि वर काय सांगायचं? ढाल परत नेऊन द्यायची?" खुर्ची सरकली. डॉक्टरांचा आवाज खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर सही तुमची आहे, माझी नाही. पदरात एक पोर आहे तुमच्या. तिचा विचार करा."

पडदा सारून आई बाहेर आली. बाकावर बसलेली भिंगरी तिला दिसली. शिपाईकाका ढालीवरची धूळ पुसत होते, ते पुसायचे थांबले.

घरी आल्यावर आईनं भात टाकला, कपड्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "सगळ्यांनाच थोडंच काही होतंय. आजारी पडलं कुणी, तर येईलच ना केंद्रात. तेव्हा बघू."

"आल्यावर डॉक्टर कार्ड बघतात," भिंगरी म्हणाली.

भात उतू गेला, तरी आईचं लक्ष नव्हतं. भिंगरीनं उठून झाकण बाजूला केलं.

"आई, तू खोटं बोललीस हे कळलं, तर आपल्याला या खोल्या सोडाव्या लागतील?"

"हो."

"आणि नाही कळलं, तर?"

"तर राहता येईल," आई म्हणाली. हे सांगताना ती मुलीकडे बघू शकली नाही. बाळांनो, ही बाई वाईट नव्हती. हजारो हात तिनं प्रेमानं धरून बघितले होते. माणसाच्या हातून वाईट होण्यासाठी तो वाईट असावा लागत नाही, एवढंच मी सांगू शकतो, आणि हे तुम्हाला इतक्या लवकर सांगावं लागतंय याचं मला बरं वाटत नाही.

पुढचा दिवस रविवार होता. भिंगरी सकाळी उठली, वेणी घातली आणि आई नळावर असताना वसतिगृहाकडे गेली. पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारची खोली. तिनं दार वाजवलं. केसांना पंचा गुंडाळलेल्या एका मुलीनं उघडलं.

"काय गं? मास्तरीणबाईंची विद्यार्थिनी ना तू? कशी आहे ती?"

"रुग्णालयात आहे," भिंगरी म्हणाली. "तुम्ही त्या सोमवारी हात दाखवायला आला होतात का?"

"कुठल्या सोमवारी?"

"सुई टोचली होती, त्यानंतरच्या."

मुलगी हसली. "आज कसली चौकशी काढलीस? माझं कार्ड एकदम छान आहे. शून्य."

"कार्डाचं नाही विचारत. तुम्ही आला होतात का?"

मुलीचं हसू होतं तसंच राहिलं, आणि मग हळूहळू गेलं. तिनं नकळत उजव्या हातानं डावा हात धरला.

"नाही," ती म्हणाली. "वर्ग होता."

"मग ते शून्य माझ्या आईनं न बघता लिहिलंय. केंद्रामागं आमच्या घरी तिच्याकडे जा आणि तिला सांगा, परत टोचा आणि या वेळी हात बघा. भिंगरीनं पाठवलं म्हणून सांगा."

ती मुलगी चपला शोधायला वळली. तिनं खरंच चपला घातल्या आणि ती जिन्याकडे निघाली, हे दिसेपर्यंत भिंगरी उंबऱ्यावर उभी राहिली. त्या मजल्यावर बावीस खोल्या होत्या आणि वर आणखी तीन मजले. ती शेजारच्या दाराशी गेली आणि तिनं ते वाजवलं.